मालेगाव: आलेल्यांचं गाव

मुंबई-आग्रा महामार्गावर ‘एमएच ४१’ पाटीची गाडी दिसली, की बाहेरच्या माणसाला क्षणभर आठवावं लागतं, हा कुठला जिल्हा? नाशिकचा क्रमांक १५, धुळ्याचा १८, जळगावचा १९. एकेचाळीस हा मालेगावचा, आणि मालेगाव काही जिल्हा नाही. महसुली नकाशात ते नाशिक जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण आहे. खासदार मात्र तिथले लोक धुळे मतदारसंघातून निवडतात. शहरात अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आहे, अपर पोलीस अधीक्षक आहेत, महानगरपालिका आहे. फक्त ‘अपर’ हा शब्द काही निघत नाही. रेल्वे पकडायची तर मनमाड गाठावं लागतं.

१९०१ च्या जनगणनेत या गावची वस्ती १९ हजारांच्या आसपास होती. २०११ मध्ये महापालिकेच्या हद्दीत पावणेपाच लाखांच्या घरात माणसं होती. एकशे दहा वर्षांत सुमारे पंचवीसपट. बंदर नाही, राजधानी नाही, मोठं तीर्थक्षेत्र नाही, मुंबई-सोलापूरसारख्या गिरण्यांची परंपरा नाही, रेल्वेही नाही. मग एवढं शहर इथे उभं राहिलं कसं?

याचं उत्तर मालेगावात फारसं सापडत नाही. ते गावाबाहेर शोधावं लागतं. बनारसकडे दुष्काळ पडला, हैदराबादेत राज्य उलथलं, मुंबईत गिरण्यांची धुरांडी थंडावली, की त्या पडझडीतून निघालेली माणसं किंवा यंत्रं मोसम नदीकाठी येऊन थांबली. दुसरीकडे काही मोडलं आणि इथे एक मोहल्ला वाढला, असा या शहराचा इतिहास आहे.

मालीवाडीतला किल्ला

गिरणा कळवणच्या डोंगरांतून येते, मोसम बागलाणातून. दोघींचा संगम मालेगावजवळ होतो आणि पुढे गिरणा जळगावकडे तापीला जाऊन मिळते. संगमालगतच्या जुन्या वस्तीचं नाव मालीवाडी. तिचं मालेगाव झालं ते नारो शंकर दाणी यांच्या काळात, म्हणजे राजेबहादूरांच्या.

नाशिककरांना हे नाव नारोशंकराच्या देवळामुळे आणि तिथल्या घंटेमुळे ठाऊक असतं. पेशवाईतल्या या सरदारानं बुंदेलखंडात झाशीचा कारभार पाहिला, तिथला किल्ला वाढवला, आणि पानिपताच्या मोहिमेत दिल्ली सांभाळायची जबाबदारीही त्यांच्याकडेच होती. उत्तरेत तलवार आणि लेखणी दोन्ही चालवलेल्या या माणसानं १७४० च्या सुमारास मोसमच्या काठावर भुईकोट बांधायला घेतला. काम जवळपास पंचवीस वर्षं चाललं, असं सांगतात. भोवती खंदक, कोपऱ्यांवर गोल बुरूज, आत दुसरा तट.

पंचवीस वर्षांचं काम म्हणजे पाथरवट, गवंडी, लोहार, सुतार यांची एक पिढी. त्यातले बरेच सुरतेकडून आणि उत्तर हिंदुस्थानातून आले होते. किल्ला पुरा झाला तेव्हा त्यांची मुलं इथेच मोठी झाली होती. परतायचं म्हणजे त्यांना परक्या गावी जायचं होतं. मालेगावात बाहेरून आलेली ही पहिली मोठी तुकडी. गाव वसवायला कोणी फर्मान काढलं नाही. काम लांबलं आणि माणसं राहिली.

अरब शिबंदी आणि कॅम्प

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली, पण मालेगावचा किल्ला लगेच पडला नाही. आत अरब शिपायांची शिबंदी होती. हे भाडोत्री सैनिक त्या काळी दख्खनभर पसरले होते आणि तटाआडून लढण्यात त्यांचा हात धरणारे थोडे होते. लेफ्टनंट कर्नल मॅक्डॉवेलच्या फौजेनं मेच्या मध्यावर वेढा घातला. महिनाअखेरीस तटावर चढाई करून पाहिली, ती फसली. मग जादा तोफा मागवल्या. जूनमध्ये एक गोळा दारूकोठारावर पडला, स्फोटात तटाचा मोठा भाग खंदकात कोसळला, आणि त्यानंतर काही दिवसांतच शिबंदीनं शस्त्रं खाली ठेवली. भुईकोटानं इंग्रजांना महिनाभर झुलवलं होतं.

जिंकणाऱ्यांनी नदीच्या दुसऱ्या बाजूला लष्करी छावणी टाकली. छावणी कधीच उठली, नाव टिकलं. आजही मालेगावकर पत्ता सांगताना ‘कॅम्पात’ म्हणतो. किल्ल्याभोवतीची दाट वस्ती मोसमच्या पूर्वेला आणि कॅम्पचे रुंद रस्ते, कचेऱ्या, बंगले पश्चिमेला, ही शहराची फाळणी तेव्हापासूनची. पुढे तिला धर्माचा आणि भाषेचा रंग चढला. सुरुवात मात्र गावठाण आणि छावणी यांच्यातल्या अंतरानं झाली.

इंग्रजी अमलात मालेगाव आधी खानदेशात होतं. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा तयार झाला तेव्हा मालेगाव, नांदगाव, बागलाण हे खानदेशी तालुके त्याला जोडले गेले. कागदावर जिल्हा बदलला, बोली बदलली नाही. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा मिळून जो ‘कसमादे’ पट्टा होतो, तिथल्या खेड्यांत आजही अहिराणी ऐकू येते. खेड्यांत अहिराणी, कॅम्पात मराठी, किल्ल्यापलीकडे उर्दू: आठवडे बाजारात या तिन्ही एकाच पाटीवरच्या कांद्याचा भाव करतात.

आग्रा रोडनं आलेले विणकर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालेगावच्या नशिबाला कलाटणी देणारी माणसं मुंबई-आग्रा रस्त्यानं आली. १८५७ च्या बंडानंतर उत्तरेत धरपकड सुरू झाली, तेव्हा काही कुटुंबांनी दक्षिणेची वाट धरली. १८६२ मध्ये बनारसच्या बाजूला दुष्काळ पडला, तसे तिथले मोमीन विणकर निघाले. मुंबईकडे जाणारा मोठा रस्ता त्यांना खानदेशातून घेऊन आला.

ते इथेच का थांबले, हे समजायला त्या काळचा खानदेश पाहावा लागतो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालू होतं. तिथला कापूस इंग्लंडला पोहोचेना, म्हणून इंग्लंडनं हिंदुस्थानी कापसाकडे हात पसरला. खानदेश तर कापसाचाच मुलूख. शेतकऱ्याच्या गाठीला चार पैसे आले की घरात लुगडं येतं. म्हणजे विणकराला कच्चा माल जवळ होता, गिऱ्हाईक जवळ होतं, वर नदीचं पाणी आणि मोठ्या रस्त्याची सोय. हातमागाला तेव्हा याहून जास्त काही लागत नव्हतं. एक कुटुंब स्थिरावलं की त्याच्या मागून भाऊबंद येत. पूर्वेकडच्या मोहल्ल्यांत मागांचा आवाज घुमू लागला आणि मालेगावची रंगीत लुगडी आसपासच्या बाजारांत जाऊ लागली.

त्याच जिल्ह्यात येवल्याची गोष्ट वेगळी घडली. येवल्यानं पैठणी धरली: थोडा माल, महाग माल, महिनोन्महिने हातानं विणलेला. मालेगावनं गरिबाच्या अंगावरचं कापड धरलं: भरपूर माल, स्वस्त माल, रोज लागणारा. पुढे वीज आली तेव्हा या दोन निवडींची फळं वेगळी आली. पैठणीला यंत्राची गरज नव्हती. लुगड्याला होती.

दुसऱ्याच्या भंगारातून

मालेगावात विजेवरचे माग आले ते १९३० च्या दशकात. सुरुवातीला मोजकेच. ज्याची ऐपत होती त्यानं हातमाग काढून त्या जागी यंत्रमाग बसवला, तोही बहुधा घरातल्याच खोलीत. खरी वाढ स्वातंत्र्यानंतर झाली आणि तिला सरकारी धोरणाचा अप्रत्यक्ष हातभार लागला.

हातमाग वाचावेत म्हणून सरकारनं कापड गिरण्यांना नवे माग वाढवायला आडकाठी केली. कापडाची मागणी तर वाढतच होती. गिरणी वाढू शकत नव्हती, हातमाग पुरा पडत नव्हता. मधल्या या फटीत यंत्रमाग शिरला. चार-सहा मागांच्या कारखान्याला गिरणीसारखे कर, कामगार कायदे, मोठं भांडवल यांतलं काही लागत नव्हतं. राखायचा होता हातमाग आणि फोफावला यंत्रमाग. भिवंडी, इचलकरंजी आणि मालेगाव ही महाराष्ट्रातली तीन मोठी केंद्रं याच काळात वाढली.

माग आले कुठून? मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी जुने म्हणून काढून टाकलेले माग भंगाराच्या भावात मिळत. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या मात्र एकेक करून मिटल्या. गिरणगावात बंद पडलेलं विणकाम यंत्रमागांच्या गावांत चालू राहिलं. परळ-लालबागच्या माणसाला हे वाचताना बरं वाटणार नाही, पण त्याच्या चाळीतल्या अंधाराचा आणि मालेगावातल्या रात्रपाळीच्या उजेडाचा संबंध आहे.

त्याआधी, १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर, हैदराबाद संस्थानातून उखडलेली अनेक मुसलमान कुटुंबं मालेगावला आली होती. त्यांना काम मिळालं, कारण माग वाढत होते. आणि माग वाढू शकले, कारण काम करणारे हात येत होते. आज शहरातल्या मागांची संख्या दोन ते तीन लाखांच्या दरम्यान सांगितली जाते.

कारखान्याच्या आत

मालेगावात कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, भिंतीला भिंत लागलेली शेजारची घरं, आणि आत ओळीनं मांडलेले माग. सूत बाहेरच्या सूतगिरण्यांतून गठाणींनी येतं. उभ्या धाग्यांचं सूत आधी सायझिंगमध्ये जातं. तिथे त्याला खळ लावतात, म्हणजे मागावर ताण पडला तरी धागा तुटत नाही. खळ लावून वाळवलेले हजारो धागे एका मोठ्या रुळावर गुंडाळले की तो झाला भीम. भीम मागावर चढतो आणि त्याचा एकेक धागा फणीतून ओवून घेतात.

आडवा धागा असतो कांडीवर आणि कांडी धोट्यात. धोटा म्हणजे दोन्ही टोकांना निमुळता लाकडी ठोकळा. यंत्र त्याला एका बाजूनं ठोसा मारतं, तो उभ्या धाग्यांच्या मधून पलीकडे धावतो, पलीकडून ठोसा बसला की परत येतो. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा हे घडतं. यंत्रमागाचा जगप्रसिद्ध खडखडाट म्हणजे हेच ठोसे. असे शेकडो माग एका गल्लीत चालू असले की बोलणं खुणांवर येतं. नव्या पद्धतीच्या मागांना धोटा लागत नाही. ते वेगानं चालतात, आवाज कमी करतात आणि कापडात खोट कमी ठेवतात. त्यांची किंमत मात्र छोट्या कारखानदाराला पेलणारी नसते. म्हणून इथे अजून जुना साधा मागच पोट भरतो.

एक कामगार एकाच वेळी अनेक माग सांभाळतो. कुठे धागा तुटला ते बघायचं, माग थांबवायचा, गाठ मारायची, कांडी बदलायची, पुन्हा चालू करायचा. पाळी बारा तासांची. मजुरी विणलेल्या कापडावर. वीज गेली की कापड थांबतं आणि मजुरीही. भारनियमनाच्या वर्षांत या हिशेबानं कित्येक घरांच्या चुली मंदावल्या. कापसाचा तंतू हवेत तरंगत राहतो, केसांवर, भुवयांवर बसतो आणि वर्षानुवर्षं छातीत जातो.

कारखानदार म्हणावा तर तोही पुष्कळदा दुसऱ्याच्या सुतावर विणतो. व्यापारी सूत देतो, हा मजुरीवर कापड करून देतो. जे कापड निघतं ते कोरं. व्यापारात त्याला ‘ग्रे’ म्हणतात. ना रंग, ना छपाई, ना धुलाई. त्याचे तागे राजस्थानात पाली-बालोतऱ्याकडे जातात, तिथे ते रंगतात आणि मग दुकानात पोहोचतात. रंगाई-छपाईला पाणी लागतं, सांडपाणी शुद्ध करण्याची व्यवस्था लागते, मोठं भांडवल लागतं. मालेगावला चणकापूर आणि गिरणा धरणांच्या पाण्यावर तहान भागवावी लागते. तिथे रंगाच्या हौदांना कुठलं पाणी? कापडाला खरा भाव चढतो तो रंगानंतर, आणि तो भाव दुसऱ्या गावात राहतो. लाखो माग चालवणारं शहर श्रीमंत का दिसत नाही, याचं निम्मं कारण या एका वाक्यात आहे.

पुलाच्या दोन बाजू

मोसम पुलावर उभं राहिलं की दोन्ही मालेगावं दिसतात. पूर्वेला मोहल्ले, मशिदी, माग, उर्दू पाट्या, मुशायऱ्यांची पत्रकं. पश्चिमेला कॅम्प, संगमेश्वर, सोयगाव, मराठी शाळा, दवाखाने, कृषी केंद्रं. मतदारसंघ पुनर्रचना आयोगानंही २००९ पासून विधानसभेचे दोन मतदारसंघ केले आहेत: मालेगाव मध्य आणि मालेगाव बाह्य. त्याआधी मालेगाव नावाचा लोकसभा मतदारसंघही होता. पुनर्रचनेत तो गेला.

या शहराला उद्रेकांचा इतिहास आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. १९२१ च्या एप्रिलमध्ये खिलाफत चळवळीच्या दिवसांत जमाव बिथरला, एक पोलीस अधिकारी मारला गेला. गांधीजींनी त्या हिंसेचा जाहीर निषेध केला. सरकारनं खटले चालवून काही जणांना फाशी दिली, आणि मालेगावनं त्यांची आठवण ‘शहीदों की यादगार’ म्हणून जपली. एकच घटना, तिच्याकडे पाहण्याच्या दोन नजरा. ऑक्टोबर २००१ मध्ये दंगल झाली. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या दिवशी, बडा कब्रस्तानाच्या परिसरात बॉम्बस्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसं गेली. २९ सप्टेंबर २००८ ला भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला. सहा जण दगावले. त्या खटल्यातल्या सर्व आरोपींना विशेष न्यायालयानं ३१ जुलै २०२५ ला निर्दोष सोडलं. स्फोट झाले हे खरं, माणसं गेली हेही खरं.

वर्तमानपत्रांत मालेगाव बहुधा या तारखांपुरतंच येतं. पण त्याच शहरानं समाजवादी विचारांचे निहाल अहमद यांना वर्षानुवर्षं विधानसभेत पाठवलं. ‘साथी’ हे बिरूद त्यांनी अखेरपर्यंत मिरवलं, राज्यात मंत्रिपद आणि विरोधी पक्षनेतेपद भूषवलं, आणि १७ डिसेंबर २००१ ला नगरपालिकेची महानगरपालिका झाल्यावर पहिले महापौरही तेच झाले. नदीच्या दुसऱ्या अंगाला, निमगावचे भाऊसाहेब हिरे. १९५६ मध्ये द्विभाषिक राज्याच्या नेतेपदासाठी यशवंतराव चव्हाणांच्या विरोधात उभे राहिले ते हेच. एका तालुक्यातून मागकऱ्यांचा आणि शेतकऱ्यांचा असे दोन राज्यपातळीचे नेते निघाले.

‘बाह्य’ मालेगावची वेगळी ओळख सांगायची तर ती एका गोळीच्या कागदात गुंडाळलेली आहे. वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये मालेगाव तालुक्यात रावळगावला साखर कारखाना काढला आणि १९४० च्या दशकात तिथेच गोळ्या-चॉकलेटं बनू लागली. ‘पान पसंद’ आणि ‘मँगो मूड’ चघळत मोठ्या झालेल्या कित्येकांना हे गाव नकाशात कुठे आहे, ते माहीत नसतं. २०२४ मध्ये या गोळ्यांची नावं रिलायन्सनं विकत घेतली. आजूबाजूला कांदा, डाळिंब, मका. मागाच्या शहराला भाजी-भाकरी पुरवणारा हा शेतकरी आणि त्याच्या घरी कापड पोहोचवणारा तो विणकर, दोघांनाही बाजारभाव ठरवता येत नाही, एवढं साम्य दोघांत नक्की आहे.

शुक्रवारचा सिनेमा

माग आठवड्यातून एकदा थांबतात, शुक्रवारी. नमाजाचा दिवस, हिशेबाचा दिवस, आणि सिनेमाचा. बारा तास खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाला तीन तास अंधारात बसायला मिळणं ही चैन होती. इथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. स्टुडिओ नाही, क्रेन नाही, नट म्हणजे गावातलीच पोरं. घोड्याऐवजी सायकल. मूळ सिनेमा लोकांना पाठ होता, म्हणून त्याची मालेगावी आवृत्ती पोट धरून हसायला लावत होती.

पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ झाला. त्यातला सडपातळ सुपरमॅन शफीक शेख हा मागावर काम करणारा होता. फैजा अहमद खान यांनी या धडपडीवर २००८ मध्ये माहितीपट केला, तो जगभर फिरला. शफीक २०११ मध्ये कर्करोगानं गेला. २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत लागला, तेव्हा मालेगावच्या नकलेवर मुंबईनं अस्सल सिनेमा काढला होता.

सिनेमाचा हा उद्योग आणि मागाचा उद्योग वेगळे नाहीत. गिरणीनं टाकलेला माग आणून त्यावर कापड काढायचं, मुंबईनं वापरून झालेली गोष्ट घेऊन तिच्यावर आपला विनोद विणायचा. शहरात जुन्या प्लास्टिकपासून शेतीचे पाइप बनवणारे कारखाने आहेत. त्यांचंही सूत्र हेच. जगानं निकालात काढलेली वस्तू इथे आणखी वीस वर्षं चालते. अडीचशे वर्षं अशाच निकालात निघालेल्या माणसांनी हे गाव भरत गेलं आहे. वस्तूंचं तेच होणार.

आता रूळ

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. तो मालेगाववरून जाणार आहे. स्वतंत्र जिल्ह्याची मागणी १९८० च्या दशकापासून चालू आहे आणि प्रत्येक निवडणुकीत तिला पालवी फुटते.

रूळ आले तर काय येईल? नव्या पद्धतीचे माग, रंगाईचे कारखाने, बाहेरचं भांडवल येईल, अशी आशा आहे. आजवर मात्र या गावात भांडवल घेऊन कोणी आलं नाही. आले ते हात घेऊन. पाथरवटाचे, विणकराचे, हैदराबादच्या निर्वासिताचे. पहिली गाडी मालेगाव स्थानकात थांबेल तेव्हा फलाटावर उतरणारा माणूस रिकाम्या हातानं येतो की भरल्या, आणि कोऱ्या ताग्याऐवजी रंगलेली गठाण त्या गाडीत चढते का, हे पाहायला हवं. गाड्यांवरचं ‘४१’ तोवर तसंच धावत राहील.